मुळाच्या टोकातलं सूत

सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. अमरावतीच्या उन्हाला अजून धार चढायची असते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या कट्ट्यावर रुंद तोंडाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवलेला. कांद्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. बुडाची वाळकी मुळं तीन-चार दिवसांपूर्वी खरवडून काढली होती. आता तिथून पांढरीशुभ्र, ताठ मुळं खाली उतरलेली दिसतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर आमच्याकडच्या उकाड्यात कांदा सडून वास मारतो. मुळं कापायची ती याच वेळी, आठ ते दहाच्या दरम्यान, कारण या वेळात विभाजन चालू असलेल्या पेशी जास्त सापडतात. कापलेलं मूळ अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात चोवीस तास ठेवायचं. आजची मुळं उद्यासाठी. आज स्लाइड करायची ती काल ठेवलेल्या मुळांची.

पहिल्या वर्षाची एक मुलगी चिमट्यानं मूळ उचलून स्लाइडवर ठेवते. आम्लाचा एक थेंब, मग लाल रंगाचे दोन-तीन थेंब. स्लाइड स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीवरून अलगद फिरवायची. रंग तापावा पण उकळू नये, आणि वाळू तर मुळीच नये. मग मुळाचं दोन-तीन मिलिमीटरचं टोक तेवढं ठेवायचं, बाकीचं टाकून द्यायचं. पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागदाची घडी, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलके ठोके आणि शेवटी आंगठा. तो सरळ खाली दाबायचा. जरा बाजूला सरकला की पेशी चुरगळतात आणि तासाभराची मेहनत वाया जाते. आमचे परिचर काका मागून सांगत असतात, "पयले कागद ठेव पोरी, मंग आंगठा दे."

थोड्या वेळानं हाक येते. "मॅडम, माह्या स्लाइडमंधी तं काहीच नाई दिसून राह्यलं."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. विटांसारख्या पेशींच्या रांगा, प्रत्येकीत एक गोल, लालसर ठिपका. स्लाइड इंचभरही नाही, केसभर सरकवायची. आणि एका पेशीत तो गोल नसतो. त्याच्या जागी जाडसर धाग्यांचे दोन झुपके असतात, एकमेकांकडे पाठ करून दोन टोकांना निघालेले. मी काही न बोलता बाजूला होते. मुलगी पाहते आणि गप्प होते. त्या गप्प होण्यासाठी मी इतकी वर्षं हा प्रयोग शिकवत आले आहे.

मी स्वतः शिकत असताना हा प्रयोग माझ्या वाट्याला आला नव्हता. लाकडी पेटीतून एक तयार स्लाइड निघायची, पन्नास मुलं रांगेनं तिच्यावर डोळा टेकवायची, आणि जर्नलमधली आकृती मात्र पुस्तकातून उतरवली जायची. चार अवस्था मला तोंडपाठ होत्या, पण त्यातली एकही माझी नव्हती. पुढे शिकवायला लागल्यावर मी पहिली स्लाइड माझ्या आंगठ्यानं दाबली, आणि मग या एवढ्याशा काचेत काय काय गोळा झालं आहे याचा माग काढायची ओढ लागली. कांदा कुठून आला, रंग कुठून आला, दाबायची रीत कुणाची, फळ्यावर आपण काढतो तो गोल कुणी पहिल्यांदा काढला. शोधता शोधता पुन्हा पुन्हा वऱ्हाडातच येऊन पोचत होते, कापसाच्या शेतात, बांधावरच्या निवडुंगात, मसाल्याच्या डब्यात.

पेशी पेशीपासूनच होते, हे आज आठवीतलं मूलही सांगेल. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत असं मांडलं, तेव्हा मात्र नवी पेशी कशी होते याचं त्यांचं उत्तर चुकीचं होतं. द्रावात स्फटिक धरावा तशी नवी पेशी केंद्रकाभोवती धरत जाते, असं ते समजत. रेमाकनं १८५२ मध्ये आणि फिर्शोनं १८५५ मध्ये ठामपणे सांगितलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते. पण ती येते कशी? ते दिसत नव्हतं, कारण पेशीचा आतला ऐवज पाण्यासारखा रंगहीन असतो. भिंग कितीही चांगलं असो, रंगहीनात रंगहीन शोधता येत नाही.

रंग आला तो कापडाच्या धंद्यातून. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा रंग हाती लागला, आणि डांबरापासून कृत्रिम रंग करण्याचा उद्योग उभा राहिला. ते रंग सुताला आणि रेशमाला हवे होते. याच काळात वऱ्हाडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांकडे वाहत होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिथला कापूस अडला तेव्हा सगळ्यांचे डोळे इकडे वळले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला 'ऊमरा' म्हणत. ते नाव उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचं.

कापडासाठी निघालेले हे रंग जर्मनीतल्या प्रयोगशाळांत शिरले. कील शहरात वॉल्टर फ्लेमिंग सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी पाहत होता. त्या मोठ्या असतात, म्हणून निवडलेल्या. केंद्रकातला काही भाग रंग घट्ट धरून ठेवतो, हे त्याला दिसलं. विभाजनाच्या वेळी तो भाग धाग्यांच्या रूपात येतो, धागे उभे चिरले जातात आणि दोन्ही बाजूंना वाटले जातात. १८८२ मध्ये त्यानं आपलं पुस्तक काढलं आणि या घटनेला मायटोसिस हे नाव दिलं. ग्रीकमध्ये मितोस म्हणजे धागा, मागावरच्या ताण्याचा धागा. वनस्पतींमध्ये हेच काम स्ट्रासबुर्गर करत होता. प्रोफेज, मेटाफेज ही विभाजनाच्या अवस्थांची नावं १८८४ च्या सुमाराची, त्याची. टेलोफेज हे नाव दहा वर्षांनी हायडेनहाइननं जोडलं.

फ्लेमिंगच्या कामातली एक गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. रंगवलेली पेशी मेलेली असते. स्लाइडवर शंभर मेलेल्या पेशी शंभर निरनिराळ्या क्षणी थिजलेल्या असतात. त्यातली कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे पेशी सांगत नाही. जिवंत पेशींत जे पुसट दिसत होतं त्याच्याशी ताडून त्यानं तो क्रम लावला. पुस्तकातल्या चार आकृत्या एका ओळीत छापून येतात तेव्हा ती ओळ लावायला डोकं चालवावं लागलं होतं, हे पार झाकलं जातं. म्हणून मी मुलांना आधी अवस्थांची नावं सांगत नाही. दिसतील त्या पेशी काढा म्हणते, चिठ्ठ्यांवर, एकेक वेगळी. मग टेबलावर त्या चिठ्ठ्या क्रमानं लावायच्या आणि असाच क्रम का, ते शेजारच्याला पटवायचं. भांडणं होतात. ती व्हावीत.

इथे आपल्या शब्दांकडेही बघायला हवं. मायटोसिसला मराठीत सूत्री विभाजन म्हणतात, आणि ज्यानं कुणी हा शब्द घडवला त्यानं ग्रीक धागा न तुटू देता आपल्याकडे आणला. क्रोमोसोमचं वेगळं झालं. १८८८ मध्ये वाल्डायरनं ते नाव ठेवलं तेव्हा त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की ही वस्तू रंग धरते. नावाचा अर्थही रंगीत काया एवढाच. आपल्या गुणसूत्र या शब्दात मात्र ती वस्तू काय करते हे आलं आहे. गुण वाहून नेणारं सूत. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या मुलांना हा शब्द फोडून सांगितला की पुन्हा समजवावा लागत नाही. अडचण होते ती पेशी या शब्दाची. धारणी, परतवाड्याकडची अनेक मुलं हिंदीतून शिकून येतात. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि आपली पेशी म्हणजे कोशिका. कांद्याच्या मुळात पेशी पाहायच्या म्हटल्यावर त्यातलं एखादं मूल गोंधळून पाहतं, आणि ते चूक नसतं. दोन भाषांच्या सीमेवर शिकवताना पहिली पाच मिनिटं या एका शब्दाला द्यावीत.

आता स्लाइडकडे परत. मूळ ज्यात बुडवतो त्या मिश्रणाला आमच्याकडे सरसकट कार्नॉयचं द्रावण म्हणतात. झां-बातिस्त कार्नॉय हा बेल्जियममधल्या लूव्हँ इथला कॅथलिक धर्मगुरू होता आणि पेशींचा अभ्यासकही. पेशींवरच्या संशोधनाचं 'ला सेल्युल' हे नियतकालिक त्यानं १८८४ मध्ये सुरू केलं. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल हे साधं प्रमाण पेशीला आहे त्या क्षणी थिजवतं. ॲसिटिक आम्ल म्हणजे शिरक्यातलं आंबट. दोन्ही वस्तू जिल्ह्याच्या गावात मिळणाऱ्या.

रंगाची कुळकथा त्याहून लांबची. आमच्या बाटलीतला ॲसिटोकार्माइन हा डांबराचा रंग नाही. कार्माइन निघतं निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून. तो किडा मेक्सिकोकडचा आणि त्याचा रंग सोन्याच्या मोलाचा. ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा हिंदुस्थानात हवा होता, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस किड्याच्या चाऱ्यासाठी परदेशी निवडुंग इथे मुद्दाम वाढवला गेला. किडा आला तो हलक्या जातीचा, रंगाचा धंदा बसला, निवडुंग मात्र राहिला. आपण शेताच्या बांधावर ज्याला फड्या निवडुंग म्हणतो तो मुळात आपला नाही. मुलांना तो निवडुंग दाखवते आणि मग बाटलीतला लाल रंग दाखवते.

कार्माइन ॲसिटिक आम्लात उकळून लावायची रीत १८८० मधली, पण तिला वर्गात आणण्याजोगं केलं ते जॉन बेलिंगनं. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेला हा माणूस ब्लेकस्ली या संशोधकाबरोबर धोत्र्याच्या गुणसूत्रांवर काम करत होता. महादेवाला वाहतात त्या धोत्र्याच्याच कुळातली ती जात. १९२१ मध्ये त्यानं दाखवलं की या रंगात लोखंडाचा अंश मिसळला तर गुणसूत्रं गडद, स्वच्छ उठून दिसतात. आमचे काका मूळ रंगात कुसकरताना गंजकी सुई वापरतात. नवी सुई दिली तर नको म्हणतात. त्यांना बेलिंग ठाऊक नाही, पण त्याची रीत त्यांच्या बोटात आहे. दुसरा रंग ॲसिटो-ऑर्सिन, १९४१ मध्ये ला कूरनं रुळवलेला. ऑर्सिन निघतं शैवाकापासून, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून.

बेलिंगच्या आधी मुळाची स्लाइड म्हणजे दिवसांचं काम होतं. मूळ टप्प्याटप्प्यानं पाण्यातून काढून मेणात बसवायचं, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे कागदाहून पातळ काप करायचे, मेण उतरवायचं, मग रंगवायचं. यंत्र महाग, हात तरबेज लागणारा, आणि कापात गुणसूत्रंही कापली जायची. गरम रंगात मऊ झालेलं टोक नुसत्या दाबानं पसरवायचं, हे जमल्यावर तेच काम दोन तासांच्या प्रात्यक्षिकात बसू लागलं. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं ते १९२३ मध्ये. पुढे त्याचं विदर्भ महाविद्यालय झालं आणि आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. नागपूर विद्यापीठही १९२३ चंच. वऱ्हाडातलं उच्च शिक्षण आणि ही दाबायची रीत एका दशकातली भावंडं आहेत. पेशीविभाजनाचं ज्ञान पुस्तकातून कुठेही पोचलं असतं, पण त्याचं दर्शन आडगावच्या कॉलेजपर्यंत पोचलं ते रीत स्वस्त झाली म्हणून. विज्ञानाच्या इतिहासात स्वस्त रीत काढणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात छापली जात नाहीत. छापायला हवीत.

आता कांदा. तोच का? एक तर तो बारा महिने मिळतो आणि पाण्यावर ठेवला की मुळं धरतो. पण खरं कारण त्याच्या पोटात आहे. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १६, आणि ती चांगली जाडजूड. माणसाच्या एका संचात डीएनएची सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. कांद्याच्या एका संचात सुमारे १६ अब्ज. पाचपट ऐवज आठ सुतांत गुंडाळलेला, म्हणून ती साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. माणसाहून कांद्यात जास्त डीएनए कसं, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि ऐवज जास्त म्हणजे शहाणपण जास्त असं नसतं, हे सांगायची संधी कांदा देतो. आमच्या बाटल्यांवर कधी कधी 'अकोला सफेद' असतो, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं दिलेली पांढऱ्या कांद्याची जात. बाजारातला लाल कांदाही तितकंच चोख काम करतो.

कांद्याला प्रयोगशाळेत मानाचं स्थान मिळवून देणाऱ्यांत स्वीडनचा आल्बर्ट लेव्हान मोठा. १९३८ मध्ये त्यानं कांद्याच्या मुळांना कोल्चिसिन दिलं. हे विष पेशीतली ओढणारी यंत्रणा मोडतं. गुणसूत्रं दुप्पट होतात पण वाटली जात नाहीत, पेशीत सुटी सुटी उघडी पडतात आणि मोजायला सोपी होतात. आपल्याकडे पावसाळ्यात जंगलात केशरी-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं घेऊन चढणारी कळलावी असते ना, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन आहे. आजीनं विषारी म्हणून जिला हात लावू दिला नाही, तीच ही.

मुळांवर कमावलेला हा हात लेव्हाननं पुढे माणसाच्या पेशींवर चालवला. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं पेंटर या संशोधकानं १९२३ मध्ये छापलं होतं आणि तीस वर्षं जगभरच्या पुस्तकांत ४८ च राहिलं. लेव्हानच्या प्रयोगशाळेत जो हिन त्जो यानं कोल्चिसिन आणि दाबायची रीत वापरून मोजलं तेव्हा जवळपास प्रत्येक पेशीत ४६ भरली. त्जो स्वतः वनस्पतींच्या गुणसूत्रांवर तयार झालेला माणूस. निबंध १९५६ मध्ये आला. किंग एडवर्ड कॉलेज उघडलं त्या वर्षी ४८ हा आकडा छापला गेला, आणि अमरावती मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आली त्या वर्षी तो खोडला गेला. मधल्या तेहतीस वर्षांत कितीतरी जणांनी जपून चित्रं पाहिली आणि पुस्तकात आहेत म्हणून ४८ मोजली. ही गोष्ट मी मोजणीच्या दिवशी आधी सांगते. मग म्हणते, तुमच्या पेशीत जेवढी दिसतात तेवढीच लिहा.

मोजण्याचं महत्त्व वऱ्हाडात वेगळं पटवावं लागत नाही, कारण कापूस आहे. आपल्या देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२. दोघांचा संकर केला तर झाडात ३९ येतात, आणि अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी, म्हणजे बीजपेशी होताना सुतं जोडीनं येऊन अर्धी वाटली जातात तेव्हा, तेरा सुतांना जोडीदार मिळत नाही. झाड उभं राहतं पण वांझ. म्हणून अकोल्याच्या विद्यापीठाला 'एकेए' नावानं येणाऱ्या देशी जाती आणि 'एकेएच' नावानं येणाऱ्या अमेरिकन जाती यांवर दोन वेगळ्या वाटांनी काम करावं लागलं. १९४० मध्ये बीसलीनं अमेरिकेत आपल्या देशी कापसाची जात तिथल्या एका रानटी कापसाशी जुळवली, वांझ संकराला कोल्चिसिन देऊन त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, आणि त्या झाडाचा अमेरिकन कापसाशी संकर जमला. निसर्गानं लाखो वर्षांपूर्वी असंच काहीतरी केलं होतं. शेतकऱ्याच्या मुलाला अर्धसूत्री विभाजन शिकवताना मी हाच दाखला देते. त्याच्या बापानं देशी सोडून अमेरिकन का लावला याच्या हिशोबात बाजार आहे, गिरणी आहे, पाऊस आहे. पण दोन कापसांमधली भिंत गुणसूत्रांची आहे.

आता फळ्यावरचा गोल. जी-१, एस, जी-२, एम अशा चार फाकांचं पेशीचक्र आज प्रत्येक चाचणीत विचारतात. फ्लेमिंगच्या वेळी हा गोल नव्हता. दोन विभाजनांमधल्या केंद्रकाला तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं विश्रांती घेणारं केंद्रक म्हणत. धागे दिसत नाहीत म्हणजे काही चाललेलं नाही, असा समज. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या शेंगेच्या रोपांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि त्यांच्या मुळांत तो कधी मुरतो ते फोटोफिल्मवर पाहिलं. पुन्हा मुळाचं टोकच. डीएनए दुप्पट होण्याचं काम त्या तथाकथित विश्रांतीतच, एका ठरावीक काळात, म्हणजे एस या फाकेत उरकतं, हे त्यांना दिसलं. त्याच्या आधी आणि नंतर दोन मोकळ्या जागा उरल्या. जी म्हणजे गॅप. त्या जागेत काय चालतं ते दिसत नव्हतं, म्हणून प्रामाणिकपणे तिला मोकळी जागा म्हटलं.

हे समजायला आंगठ्यानं दाबलेली स्लाइड लागते. तक्त्यावर चार अवस्थांच्या चार आकृत्या सारख्या आकाराच्या असतात, आणि पेशी सदा विभागतच असते असं मुलाच्या मनात बसतं. स्लाइडवर ते तसं नसतं. आधी त्या मुलीला काहीच दिसत नव्हतं, कारण बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळात, म्हणजे इंटरफेजमध्येच होत्या. ते काहीच न दिसणं हाच धडा आहे. मी शंभर पेशी मोजायला लावते. समजा त्यात नऊ विभाजनात सापडल्या आणि नवांतल्या दोन मेटाफेजमध्ये. चक्र वीस तासांचं धरलं तर शंभरातल्या एका पेशीमागं बारा मिनिटं येतात. म्हणजे विभाजन पावणेदोन-दोन तासांचं, मेटाफेज चोवीस मिनिटांची, आणि उरलेले अठरा तास तयारीचे. मेलेल्या पेशी मोजून घड्याळ लावता येतं, हे जेव्हा मुलांना उमगतं तेव्हा वर्गात वेगळाच उजेड पडतो.

त्या तयारीच्या काळात काय चालतं, हे पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडत गेलं. लेलंड हार्टवेलनं पावाच्या यीस्टमध्ये, पॉल नर्सनं आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या दारूत सापडलेल्या यीस्टमध्ये आणि टिम हंटनं समुद्री अर्चिनच्या अंड्यांत त्याचे धागे शोधले, आणि २००१ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. चक्रावर तपासणी नाके आहेत. डीएनए धड आहे का, सगळं दुप्पट झालं का, सगळी सुतं दोन्हीकडून धरली गेली का, हे पाहिल्याशिवाय पेशी पुढे सोडली जात नाही. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथे गॅमा किरणांची हलकी मात्रा दिलेल्या कांद्याला कोंब फुटत नाही, कारण त्याच्या वाढत्या टोकांतल्या पेशींना पुढे विभागता येत नाही. चाळीत टिकणारा कांदा आणि बाटलीवर मुळं धरणारा कांदा ही एकाच चक्राची दोन उत्तरं आहेत.

आणि नाके मोडले तर? मग त्याला कर्करोग म्हणतात. इथे मी कमल रणदिवे यांचं नाव घेते. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी एम.एस्सी.साठी विषय घेतला होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. सीताफळ म्हणजे आपल्या डोंगरउतारांचं फळ. तिथून त्या मुंबईत डॉ. खानोलकरांकडे कर्करोगाच्या संशोधनाला गेल्या, १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवायला शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही, १९७३ मध्ये, त्या पुढे होत्या. वनस्पतीची सुतं मोजणारी मुलगी माणसाच्या रोगापर्यंत पोचते, ही वाट लेव्हानचीही आणि कमलताईंचीही. ज्या अंगणात तुळस असते त्याच अंगणातली सदाफुली आज रक्ताच्या कर्करोगावरची औषधं देते, आणि ती औषधं पेशीतल्या त्याच ओढणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. कोल्चिसिननं कांद्यात जे केलं, तेच.

आता वर्गात पडदा आहे. पेशीविभाजनाची हलती, रंगीत चित्रं दोन मिनिटांत दाखवता येतात, आणि मी ती दाखवते. जिवंत पेशी इतकी स्वच्छ विभागताना पाहायला मिळावी म्हणून फ्लेमिंगनं काय दिलं नसतं! पण पडद्यावरची पेशी पहिल्या फटक्यात सापडते आणि कधीच बिघडत नाही. हातची स्लाइड बिघडते. रंग वाळतो, हवेचा बुडबुडा अडकतो, आंगठा सरकतो, शंभर पेशींत एकही मेटाफेज मिळत नाही. एखादीला तिसऱ्या स्लाइडला यश येतं, आणि मधल्या दोन स्लाइडींनी तिला शिकवलेलं असतं की माहिती हातात येईपर्यंत किती अंतर असतं. वेळ कमी आहे, बॅच मोठी आहे, सूक्ष्मदर्शक कमी आहेत, हे सगळं खरं आहे. तरी मी म्हणेन, दुसरं काहीही कापा, हे दोन तास कापू नका. एक कांदा, एक बाटली, चार थेंब रंग. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी जिवापाड खटपट करून हे एवढं स्वस्त केलं, ते आपल्यासारख्यांच्या हाती लागावं म्हणूनच.

त्या दिवशी मुलीनं बाराच्या ठोक्यापर्यंत सूक्ष्मदर्शक सोडला नाही. तिनं नव्वद पेशी मोजल्या, आणि शंभर व्हायला दहा राहिल्या म्हणून डबा उघडायला गेली नाही. मुळं कापून घेतलेले कांदे काकांनी पाणी बदलून पुन्हा बाटल्यांवर बसवले. शनिवारच्या बॅचपर्यंत बुडातून नवी पांढरी टोकं डोकावू लागली होती. शनिवारी मी जरा उशिरा पोचले. आत जाताना दारातच आवाज ऐकू आला. काका रजेवर होते. ती मुलगी दुसऱ्या बॅचच्या एका पोरीजवळ उभी राहून सांगत होती, "पयले कागद ठेव. मंग आंगठा दे."